नायगावची खोली जागा बदलते

कोकणातल्या जुन्या लाकडी घराला जागा बदलायची सोय जन्मापासूनच असायची. खांबाला कुसू, तुळईला खाच. खिळ्यांवर भिस्त कमीच. घर हलवायचं ठरलं की नळे उतरवायचे, रिपा-वासे सोडवायचे, लाकडांवर खुणा करायच्या आणि नव्या जोत्यावर तोच सांगाडा पुन्हा उभा करायचा. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात आणून पुन्हा जुळवले, तेही याच रीतीने.

अख्खं घर न मोडता उचलायची कला दूरची, अमेरिकेतली. शिकागो शहर दलदलीवर वसलेलं. सांडपाणी वाहून जायला उतार नव्हता, म्हणून 1850च्या दशकाअखेरीस तिथल्या इमारती वर घ्यायला सुरुवात झाली. 1860 साली लेक स्ट्रीटवरची 320 फूट लांबीची इमारतींची अख्खी रांग सुमारे 6,000 जॅकवर पेलली गेली. 600 माणसं इशाऱ्यासरशी एकाच वेळी पिळे फिरवत होती. पाच दिवसांत रांग साडेचार फुटांहून जास्त वर आली आणि त्या काळात दुकानंही चालू राहिली.

मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळींच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, 1920 साली मुंबईच्या विकासासाठी वेगळं खातं निघालं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजेच बीडीडी. खर्चाला हातभार म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसला. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता, झाल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी. त्यातल्या 42 नायगावात. तळमजला अधिक तीन, मजल्यावर 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. गंमत म्हणजे सुरुवातीला यातल्या कितीतरी खोल्या ओसच होत्या. पुढे याच खोल्यांत गिरणी कामगारांची बिऱ्हाडं वाढली, पाळीपाळीने झोपणारी माणसं मावली.

गावाकडे लाकडी घर उतरवून नेणारा माणूस इथे सिमेंट-काँक्रीटच्या घरात राहायला आला. खांब, तुळई, स्लॅब जागच्या जागी ओतून एकजीव केलेली. ती सुटी होत नाहीत. शंभरीच्या उंबरठ्यावर लोखंडी सळ्या गंजल्या, छताचे पोपडे पडू लागले. असा सांगाडा जॅकवर घ्यायचा कुणी? आणि वर घेतला तरी खोली 160 फुटांचीच राहणार.

म्हणून नायगावने घर हलवायची तिसरी रीत धरली. इथे हलतो तो खोलीवरचा हक्क. एप्रिल 2017मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, काम म्हाडाकडे. जुनी भाडेपावती, वीजबिल, शिधापत्रिका पुढे करून आधी पात्रता ठरवायची. मग संक्रमण गाळ्यात जायचं किंवा भाडं घेऊन बाहेर राहायचं. चाळ पाडायची, त्याच जमिनीवर वीसहून जास्त मजल्यांचा मनोरा उभा राहायचा आणि 160 फुटांच्या पावतीवर 500 चौरस फुटांचं मालकीचं घर मिळायचं. कोकणात खांबावर खूण करत. इथे ती खूण पात्रता यादीतल्या नावासमोर होते. त्या यादीत नाव चुकलं की एका कुटुंबाचं घरच वाटेत हरवतं. म्हणून त्या कागदांसाठी खेटे घालणाऱ्या बायकांना मी या रीतीतले खरे कारागीर मानतो.

घर मोठं मिळतंय, स्वतःचा संडास मिळतोय. याचा आनंद कमी लेखायचं कारण नाही. तीन पिढ्यांनी रांगेत उभं राहून काढलेल्या सकाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना तो कळतो. मात्र नव्या इमारतीतला सदनिका क्रमांक सोडतीने ठरतो. ज्या वऱ्हांड्यात बारशापासून मयतापर्यंत सगळं पार पडलं, त्यातली शेजारीण चौदाव्या मजल्यावर जाते आणि आपण तिसऱ्यावर. सोडत कुटुंबागणिक न काढता चाळीच्या मजल्यागणिक काढली, तर वीस बिऱ्हाडं एकत्र हलू शकतात. उरलेल्या चाळींच्या वेळी एवढं तरी करून पाहावं.