देवाचे अंगण आणि खेळ

कोकणातील देऊळ हे केवळ पूजाअर्चेचे स्थान कधीच नव्हते. गावकीची बैठक, तंट्याचा निवाडा, शिमग्याची होळी आणि पोरासोरांचा हुतुतू हे सारे देवाच्या अंगणातच होत आले. माणगावच्या पंचक्रोशीत शिमग्याला पालखी नाचवितात, आणि दक्षिण रायगड व रत्नागिरीकडे सोंगे घेऊन नाचणाऱ्यांस 'खेळे' असेच म्हणतात. देवकार्याला आणि क्रीडेला एकच शब्द लावणारे आपले पूर्वज अडाणी नव्हते.

हीच गोष्ट हॉलंडमधील इतिहासपंडित योहान हौझिंगा यांनी 1938 साली 'होमो लुडेन्स', म्हणजे 'खेळणारा मानव', या ग्रंथात मोठ्या विद्वत्तेने मांडली. त्यांचे म्हणणे असे की, खेळ हा संस्कृतीच्याही आधीचा आहे. कुत्र्याची पिले काही माणसाकडून खेळ शिकत नाहीत. खेळ स्वखुशीने होतो, पोटासाठी होत नाही, त्याला स्वतःची जागा, वेळ व नियम असतात. पूजेसाठी आखलेली जागा आणि खेळासाठी आखलेली जागा यांत बाह्य रूपाने काहीच भेद नाही, असेही ते सांगतात. उंबरठा ओलांडताना आपण पायतण काढतो, तसाच हुतुतूचा गडी मधली रेघ ओलांडताना बाहेरचे जग मागे ठेवतो. त्या रेघेपलीकडे 'मेला' म्हणजे मेला, मग तो कडेला बसून खुशाल हसत का असेना! जुन्या हुतुतूचे तीन प्रकार सांगतात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला मेलेला गडी उठतो. गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत कोणी उठत नाही. अमर या प्रकारात मरणच नाही, नुसते गुण मोजायचे. नावे पाहिली तर एखाद्या पोथीतील वाटावीत.

हौझिंगांनी आणखी एक मार्मिक भेद केला आहे. रडीचा डाव खेळणारा निदान नियम पाळण्याचे सोंग तरी करतो, म्हणून मंडळी त्याला सांभाळून घेतात. परंतु 'हा सगळा पोरखेळ आहे' म्हणून उठून जाणारा सर्वांचे जगच मोडतो, त्याला क्षमा नाही. गावकीचा अनुभव असणाऱ्यांस हे अधिक फोड करून सांगावयास नको.

पुढे 1958 साली रॉजे कायवा या फ्रेंच लेखकाने खेळांचे चार वर्ग पाडले : चढाओढ, नशीब, सोंग आणि भोवळ. आपल्या अंगणात चारही सापडतात. हुतुतूत चढाओढ, कवड्यांच्या दानात नशीब, शिमग्यात सोंग, आणि गौरीपुढच्या फुगडीत भोवळ.

तथापि हा विचार परदेशातूनच आला असे समजू नये. जग ही ईश्वराची लीला, असे ब्रह्मसूत्रांत आहे. ज्याला काही मिळवावयाचे उरले नाही तो कार्य करतो ते लीलेनेच. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' ग्रंथात बुद्धिबळ, फासे व कवड्यांचे खेळ सविस्तर वर्णिले. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू, फुगडी, टिपरी यांवर अभंग आहेत. बडोद्यास निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे तर दहा खंड आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले, 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हुतुतू खेळून दाखविला, आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचे पहिले सुवर्णपदक भारतास मिळाले. शिडी व सापांचा मोक्षपट ज्ञानेश्वर माउलींनी रचला असे श्रद्धेने सांगतात. माउलींच्या काळचा पट मात्र कोणी दाखविलेला नाही, म्हणून याला परंपरा म्हणावे, पुरावा म्हणू नये.

खेळाची काळी बाजूही आहे. ऋग्वेदात हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि धर्मराजाने काय काय पणाला लावले ते सर्वश्रुतच आहे. मुंबई इलाख्याच्या 1887 च्या जुगारप्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. म्हणजे सरकारलाही चढाओढ आणि नशीब वेगळे काढावे लागले, तेही कायवांच्या सत्तर वर्षे आधी.

आता थोडे दगडांविषयी. महाराष्ट्रात किल्ल्यांवर, लेण्यांत, घाटवाटांवर आणि देवळांच्या ओट्यांवर खेळांचे पट कोरलेले आढळतात. एकात एक तीन चौकोन म्हणजे नवकंकरी. प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. दोन ओळींत खळगे असले तर ते बिया वाटीत जाण्याच्या खेळाचे. सारीपाटाची फुली व वाघबकरीच्या रेघाही दिसतात. देवस्थानच्या जमिनीची नोंद दप्तरात सापडते. या खेळांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही, ती त्या दगडावरच आहे. जीर्णोद्धारात जुना ओटा उखडून गुळगुळीत फरशी बसविली, की तो दगड भरावात जातो, आणि ज्यांनी पुण्यबुद्धीने फरशी दिली त्यांना त्याचा पत्ताही नसतो. काम सुरू करण्यापूर्वी ओट्याचे दगड पाण्याने धुवून तिरप्या उन्हात पाहावेत, रेघा दिसल्यास फोटो व मापे घ्यावीत आणि तो दगड अंगणात एका बाजूस बसवावा. याला खर्च काही फारसा नाही.

पट तेवढा दगडाचा असे. सोंगट्या चिंचोक्यांच्या वा खड्यांच्या, आणि सांजवातीची वेळ झाली की त्या तिथेच टाकून मंडळी आरतीला उठत.