ऑक्सिजन संवेदक (मोटारवाहन)

ऑक्सिजन संवेदक किंवा लॅम्डा संवेदक हा मोटारीच्या निष्कास नळीत (गॅरेजच्या बोलीत 'सायलेन्सरच्या लाईनमध्ये') बसवलेला संवेदक असून, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंत किती ऑक्सिजन शिल्लक आहे याची माहिती तो इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला म्हणजे ईसीयूला पुरवतो. या माहितीच्या आधारे ईसीयू प्रत्येक क्षणी इंधनाचे प्रमाण कमी-अधिक करतो. व्यवहारात त्याला 'ओटू सेन्सर' असे म्हणतात.

संवेदकाच्या नावाचा दोष-संकेतांक नोंदला जाणे आणि संवेदक खरोखर नादुरुस्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेकदा संवेदक खरी परिस्थितीच सांगत असतो आणि दोष अन्यत्र असतो. अशा वेळी संवेदक बदलल्यास खर्च होतो, बिघाड मात्र तसाच राहतो. दुसरीकडे, खरोखर निकामी झालेल्या संवेदकाकडे दुर्लक्ष केल्यास इंजिनाला जादा इंधन मिळत राहते आणि त्याहून कितीतरी महाग असलेला उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) अतितापाने खराब होऊ शकतो. म्हणून बदलण्यापूर्वीचे निदान हाच या विषयातील महत्त्वाचा भाग आहे.

कार्यतत्त्व

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष मिश्रणातील हवेचे या आदर्श हवेशी असलेले गुणोत्तर लॅम्डा (λ) या ग्रीक अक्षराने दर्शवतात. λ चे मूल्य १ पेक्षा कमी असल्यास मिश्रण समृद्ध ('रिच'), म्हणजे इंधन अधिक असलेले, आणि १ पेक्षा जास्त असल्यास विरल ('लीन') म्हटले जाते. त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करतो, परंतु λ = १ च्या अगदी जवळच्या अरुंद पट्ट्यातच. मिश्रण या पट्ट्यात राखणे हे पुढच्या ऑक्सिजन संवेदकाचे काम होय.

सर्वाधिक प्रचलित संवेदकात यिट्रियम ऑक्साइड मिसळलेल्या झिर्कोनियम डायऑक्साइडची, बोटाच्या टोपणासारखी, एका टोकाला बंद असलेली चिनीमातीची नळी असते. तिच्या दोन्ही पृष्ठांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरून निष्कास वायू आणि आतून बाहेरची हवा अशी रचना असते. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या पुढे ही चिनीमाती ऑक्सिजनच्या आयनांना वाट देते आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकामुळे विद्युत् दाब निर्माण होतो. मिश्रण समृद्ध असल्यास हा दाब सुमारे ०.९ व्होल्ट, विरल असल्यास सुमारे ०.१ व्होल्ट असतो. λ = १ पाशी तो जवळजवळ पायरीसारखा बदलतो आणि ०.४५ व्होल्ट ही मधली खूण मानली जाते. इंजिन सुरू झाल्यावर संवेदक लवकर तापावा म्हणून त्यात विजेचा तापक (हीटर) बसवलेला असतो. चार तारांच्या संवेदकातील दोन तारा या तापकाच्याच असतात.

१९९० च्या दशकापासून रुंदपट्टा (वाइडबँड) संवेदक वापरात आले. हे केवळ 'समृद्ध की विरल' एवढेच न सांगता λ चे प्रत्यक्ष मूल्य एका सूक्ष्म विद्युत् प्रवाहाच्या रूपात देतात. त्यांची तपासणी वेगळी असते व पुढे दिलेले ०.१ ते ०.९ व्होल्टचे निकष त्यांना लागू पडत नाहीत. निरोगी रुंदपट्टा संवेदकाला या निकषांवर 'अडकलेला' ठरवण्याची चूक सहज होऊ शकते.

इतिहास

झिर्कोनियायुक्त चिनीमाती तापल्यावर विद्युत्-वाहक होते, हा गुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या दिव्यात वापरला होता. मोटारीसाठी लॅम्डा संवेदक जर्मनीच्या रॉबर्ट बॉश कंपनीने विकसित केला. १९७६ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या कडक उत्सर्जन नियमांसाठी बनवलेल्या व्होल्व्हो मोटारींत प्रथम बसवण्यात आला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आवश्यक झाला. शिसे परिवर्तक व संवेदक दोन्ही निकामी करते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागल्याने ही मोठी अडचण दूर झाली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकींतही इंधन-अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) आणि त्यासोबत ऑक्सिजन संवेदक सर्रास आला.

संवेदकाचे स्थान

परिवर्तकाच्या आधी बसवलेला संवेदक इंधनाचे नियंत्रण करतो, तर परिवर्तकानंतरचा संवेदक मुख्यतः परिवर्तक काम करतो की नाही यावर लक्ष ठेवतो. संकेतांकांच्या भाषेत पहिल्याला 'सेन्सर १' व दुसऱ्याला 'सेन्सर २' म्हणतात. पहिल्या क्रमांकाचा सिलिंडर ज्या बाजूला असतो ती बाजू 'बँक १' होय. भारतातील बहुतेक लहान मोटारींची इंजिने तीन किंवा चार सिलिंडरांची, एका रांगेतील असल्याने त्यांना एकच बँक असते. व्ही-आकाराच्या इंजिनात मात्र चुकीच्या बाजूचा संवेदक बदलला जाण्याचा धोका असतो.

संकेतांक आणि त्यांची मर्यादा

पी०१३० ते पी०१३५ हे संकेतांक बँक १ च्या पुढच्या संवेदकाशी संबंधित आहेत. त्यांपैकी पी०१३१ कमी दाब, पी०१३२ जास्त दाब, पी०१३३ मंद प्रतिसाद, पी०१३४ हालचालीचा अभाव आणि पी०१३५ तापकाच्या मंडलातील दोष दर्शवतो. मागच्या संवेदकासाठी पी०१३६ ते पी०१४१ ही मालिका आहे. पी०१७१ (मिश्रण विरल), पी०१७२ (मिश्रण समृद्ध) व पी०४२० (परिवर्तकाची कार्यक्षमता कमी) हे संकेतांक संवेदकाच्या वाचनावरून निघत असले तरी ते संवेदकाविरुद्धचे नाहीत.

यातला सर्वांत निःसंदिग्ध संकेतांक तापकाचा होय. तरी तेथेही संवेदक मागवण्यापूर्वी तापकाचा फ्यूज पाहणे शहाणपणाचे ठरते.

संवेदक निर्दोष असताना दिसणारे दोष

संवेदक ऑक्सिजन मोजतो, इंधन नव्हे. निदानातील बहुतेक चुका हे विसरल्याने होतात. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही (मिसफायर), तर तेथील इंधन न जळता बाहेर पडते आणि त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो. संवेदक तो ऑक्सिजन पाहून 'मिश्रण विरल' असे कळवतो आणि ईसीयू आणखी इंधन सोडतो. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येत असताना स्कॅनर मात्र विरल मिश्रण दाखवत असेल, तर प्रथम स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासाव्यात.

संवेदकाच्या आधीच्या भागात, विशेषतः मॅनिफोल्डच्या पॅकिंगपाशी, निष्कास नळी गळत असल्यासही असेच घडते. वायूचा दाब स्पंदनांच्या रूपात चढ-उतार करतो व दाब घटण्याच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड इंजिन सुरू केल्यावर ऐकू येणारा 'टिक-टिक' आवाज आणि सांध्याभोवतीची काजळी ही या गळतीची लक्षणे होत. याउलट सेवन नळीतील (इनटेक) रबरी नळीला चीर पडली असेल, तर मिश्रण खरोखरच विरल होते आणि संवेदक सांगतो ते सत्य असते. ही चूक आयडलिंगला मोठी दिसते व इंजिनाचा वेग वाढवल्यावर कमी होते. कमकुवत इंधन पंपाच्या बाबतीत याच्या उलट, भार वाढल्यावर चूक वाढते.

सीएनजीवरही चालणाऱ्या मोटारींत निदानाची एक सोपी सोय उपलब्ध असते. इंधन दुरुस्तीचे आकडे पेट्रोलवर ठीक आणि केवळ सीएनजीवर बिघडत असतील, तर संवेदक निर्दोष असून दोष किटच्या जुळणीत, रेग्युलेटरमध्ये किंवा गॅस इंजेक्टरमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचाही विचार करावा लागतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने २० टक्के मिश्रणाला प्रतिकिलो सुमारे १३.५ किलो हवाच पुरते. शुद्ध पेट्रोलासाठी जुळवलेल्या इंजिनाला λ = १ राखण्यासाठी ८-९ टक्के अधिक इंधन सोडावे लागते. तेवढी वाढ ही संवेदकाने आपले काम चोख केल्याची खूण आहे.

संवेदक निकामी होण्याची कारणे

वयोमानाने प्रतिसाद मंदावणे हे सर्वांत सामान्य कारण होय. तापक असलेला संवेदक सुस्थितीतील इंजिनात दीड लाख किलोमीटरच्या आसपास टिकू शकतो, मात्र जुन्या, तापक नसलेल्या प्रकारांचे आयुष्य याच्या निम्म्याहून कमी असते. अकाली मरण बहुधा प्रदूषणाने येते. काळी, कोरडी काजळी समृद्ध मिश्रणाची निदर्शक असते. पांढरट थर अयोग्य सिलिकॉन सीलंटमुळे किंवा हेड गॅस्केटमधून ज्वलनकक्षात शिरणाऱ्या कूलंटमुळे येतो. तपकिरी-राखाडी थर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. मूळ कारण दूर न करता बसवलेला नवा संवेदकही त्याच मार्गाने जातो.

पाणी हा दुसरा शत्रू आहे. तापलेल्या चिनीमातीवर थंड पाणी पडले की तिला तडा जातो. म्हणूनच नळीतील दव वाळेपर्यंत अनेक ईसीयू तापक पूर्ण शक्तीने चालवत नाहीत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यानंतर उद्भवलेला दोष या दृष्टीने पाहावा. तसेच उभ्या गाडीच्या तारा उंदरांनी कुरतडणे हे कारणही वाटते तितके विरळ नाही. ते डोळ्यांनी दिसते, म्हणून सर्वांत आधी पाहावे.

तपासणी

प्रथम तारा, जोडणी (कनेक्टर) आणि निष्कास नळी यांचे निरीक्षण करावे. नंतर इंजिन पूर्ण तापवून, वेग मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर ठेवून स्कॅनरवर प्रत्यक्ष वाचन पाहावे. निरोगी अरुंदपट्टा पुढचा संवेदक ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत, सेकंदाला साधारण एकदा किंवा अधिक वेळा, खाली-वर होतो. मागच्या संवेदकाचे वाचन परिवर्तक चांगला असल्यास ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास बरेचसे स्थिर राहते. मागचा संवेदक पुढच्यासारखाच हेलकावू लागल्यास संशय परिवर्तकावर घ्यावा.

त्याबरोबर अल्पकालीन व दीर्घकालीन इंधन दुरुस्तीचे (फ्युएल ट्रिम) आकडे वाचावेत. दोहोंची बेरीज साधारण ±१० टक्क्यांच्या आत असणे समाधानकारक मानले जाते.

वाचन एका जागी अडकले असेल, तर संवेदक अडकला आहे की मिश्रणच एका टोकाला गेले आहे, हे ठरवण्यासाठी मिश्रण मुद्दाम बदलून पाहतात. व्हॅक्यूमची एखादी लहान नळी क्षणभर सोडल्यास वाचन ०.२ व्होल्टच्या खाली यावे. सेवन नळीत प्रोपेन वायू थोडासा सोडल्यास ते ०.८ च्या वर जावे. दोन्हीकडे झटकन जाणारा संवेदक जिवंत आहे व त्याच्या नावावर नोंदलेला दोष अन्यत्र शोधावा लागेल. ही चाचणी ज्वलनशील वायूची असल्याने मोकळ्या हवेत, ठिणगी व तप्त भागांपासून दूर राहून, जाणकारानेच करावी.

तापकाचा रोध संवेदक थंड असताना मल्टीमीटरने मोजतात. तो बहुधा काही ओहमांपासून १५-२० ओहमांपर्यंत असतो, नेमके मूल्य त्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. रोध अनंत दाखवत असल्यास तापक तुटला आहे. बॉशच्या नेहमीच्या चार तारांच्या संवेदकात तापकाच्या तारा पांढऱ्या, संदेशाची काळी व त्याच्या परतीची करडी असते. डेन्सोच्या संवेदकात तापकाच्या तारा काळ्या, तर संदेशाची निळी असते. म्हणून केवळ रंगावरून अंदाज बांधू नये. संदेशाच्या तारांवर मात्र रोधमापन कधीही करू नये, कारण मीटरकडून जाणारा प्रवाह संवेदक-घटकाला अपाय करू शकतो.

बदलण्याची पद्धत

इंजिन किंचित कोमट असताना आटे सैल होण्यास मदत होते, परंतु निष्कास नळी भाजण्याइतकी तप्त नसावी. गाडीखाली शिरावे लागणार असल्यास ती केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. गंजलेल्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून काही वेळ थांबावे. मोटारींतील बहुतेक संवेदकांचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि डोके २२ मिलिमीटर पान्याचे असते. तारेसाठी खाच असलेला विशेष सॉकेट वापरल्यास तार न तोडता काम होते. दुचाकींवरील संवेदक आकाराने लहान असतात.

नव्या संवेदकाच्या आट्यांना कंपनीने बहुधा आधीच न चिकटणारे वंगण (अँटी-सीझ) लावलेले असते. नसल्यास ते फक्त आट्यांना, अगदी थोडे लावावे. टोकाला ते लागल्यास नवा संवेदक पहिल्याच दिवशी दूषित होतो. प्रथम हाताने आटे धरवून मग टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मूल्याइतके आवळावे. १८ मिलिमीटर आट्यांसाठी ते साधारण ४० ते ६० न्यूटन-मीटर असते. तार मूळ चिमट्यांत बसवून नळीच्या उष्णतेपासून दूर ठेवावी.

तार कापून जोडणारे 'युनिव्हर्सल' संवेदक स्वस्त मिळतात. अनेक संवेदकांना आतली संदर्भ-हवा तारेच्या धाग्यांमधील फटींतूनच मिळते. जोड कथलाने झाळला किंवा जोडणीत ग्रीस भरले, तर ही वाट बुजते आणि वाचन हळूहळू चुकू लागते. अनेक रुंदपट्टा संवेदकांच्या जोडणीत त्या-त्या नगासाठी जुळवलेला रोधक असतो. जोडणी कापून टाकली की तोही जातो. अशा ठिकाणी त्याच क्रमांकाचा, मूळ जोडणीसह आलेला भाग घेणे इष्ट होय. जुना संवेदक पेट्रोलात बुडवून किंवा ज्योतीवर धरून 'साफ' करण्याची रीत काजळी काढते, पण सिलिकॉन वा शिशाने निकामी झालेला थर पूर्ववत होत नाही.

बदलल्यानंतर

स्कॅनरने संकेतांक पुसावेत आणि गाडी शहरात व महामार्गावर चालवून पाहावी. संकेतांक पुसल्यावर स्वयंचाचण्यांची स्थितीही कोरी होते. त्या पूर्ण होईपर्यंत दिवा न लागणे हा दुरुस्ती यशस्वी झाल्याचा पुरावा नव्हे. दीर्घकालीन इंधन दुरुस्तीचा आकडा शून्याच्या आसपास परतला व तेथेच टिकला, तर बिघाड खरोखर संवेदकात होता. तो पुन्हा पूर्वीच्याच दिशेने सरकू लागल्यास शोध पुन्हा गळती, प्रज्वलन आणि इंधनपुरवठा यांपासून सुरू करावा लागतो.

मागच्या संवेदकाखाली लांब नळकांडे बसवून किंवा खोटा संदेश देणारे मंडल जोडून चेक इंजिनचा दिवा विझवण्याचे प्रकार आढळतात. त्यामुळे परिवर्तकाचा दोष दूर होत नाही व उत्सर्जन मर्यादेबाहेर गेल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) खाली कारवाई होऊ शकते.