येरवड्यापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत
मनाच्या आजाराचं नाव निघालं की तुम्हाला अजून येरवडा किंवा ठाणंच आठवतं. चूक तुमची नाही. रुग्णाला इस्पितळात बंद ठेवण्यावर भर देणारा १९१२ चा इंग्रजी कायदा आपल्याकडे थेट १९९३ पर्यंत लागू होता! मात्र १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. मग बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना शिकवून गावाजवळच उपचार देऊन पाहिले. ते जमलं. १९९६ पासून हीच पद्धत इतर जिल्ह्यांत नेली. आधी पैसा केंद्राचा होता. आता महाराष्ट्रात केंद्र ६०, राज्य ४० टक्के देतं. मानसोपचारतज्ज्ञांची पदं रिकामी राहतात, हे खरंच. तरी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. १४४१६ वर फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.