मामांचा खिळा आणि विश्वातल्या भिंती

लहानपणी सुट्टीत जालन्याला मामांकडे जायचो. मामा एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. मिलमध्ये पोरांना कोण जाऊ देणार? म्हणून त्यांनी एकदा गल्लीतल्या लोहाराकडे नेऊन गंमत दाखवली. जुन्या स्पीकरमधलं चुंबक खिळा पटकन ओढायचं. तोच खिळा भट्टीत लालबुंद केला, की चुंबक त्याला ओळखही दाखवायचं नाही! निवला की पुन्हा ओढ. मग मामा म्हणाले, "अरे, लोखंडाला चुंबकाची एवढी ओढ, तर आमच्या मिलमधल्या सळया एकमेकींना का चिकटत नाहीत?" मला काही सांगता आलं नाही. मामा आता नाहीत. उत्तर फार उशिरा कळलं, ते निदान इथे लिहून ठेवतो.

१९०७ साली प्येर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुचवलं, की लोखंड आतून चुंबकच असतं, पण तुकड्यातुकड्यांनी. एका तुकड्यातले सगळे अणू एका दिशेला तोंड करून, शेजारच्या तुकड्यातले दुसरीकडे. बेरीज जवळपास शून्य. १९१९ मध्ये बार्कहाउझेनने हे तुकडे बदलताना होणारा खरखराट चक्क ऐकवला. १९३२ मध्ये फेलिक्स ब्लॉखने दोन तुकड्यांमधल्या सीमेचं गणित मांडलं. तिथे दिशा एकदम उलटत नाही, अणूंच्या अनेक थरांतून हळूहळू वळत जाते. हीच 'डोमेन वॉल', म्हणजे भिंत. ७७० अंश सेल्सियसच्या वर ना तुकडे, ना भिंती. जालन्यातली प्रत्येक सळई निवताना या भिंती नव्याने उभ्या राहतात.

गोष्ट इथे संपली असती. पण १९७४ मध्ये झेल्डोविच, कोब्झारेव आणि ओकुन या रशियनांनी विचारलं, की विश्वही तापलेलंच होतं ना? ते निवताना काय झालं?

१९७६ मध्ये याचं नेमकं कारण मांडलं टॉम किबल यांनी. ते लंडनच्या इंपिरियल कॉलेजात होते, पण जन्म आपल्या मद्रासचा, १९३२ चा. विश्व निवताना त्यातल्या क्षेत्रांना एखादी 'बाजू' निवडावी लागते. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही, त्यामुळे दूरदूरचे भाग एकमेकांना न विचारताच निवड करतात. निवडी जुळल्या नाहीत, की मध्ये भिंत. दोन क्षेत्रं एकमेकांत गुंतलेली असतील तर आणखी मजा: एकाच्या भिंतीच्या पोटात दुसरं जागं राहू शकतं. (लोखंडात तुकडे पडायचं मोठं कारण वेगळं आहे, त्याने बाहेरच्या चुंबकी क्षेत्राची ऊर्जा वाचते. पण भिंतीचं गणित नात्यातलंच.)

फरक एवढाच, की सळईला भिंती सोसतात, विश्वाला नाही. विश्व पसरताना पदार्थ आणि प्रकाश झपाट्याने विरळ होतात, भिंतींची ऊर्जा मात्र सावकाश. टिकल्या असत्या तर त्यांनीच सगळं व्यापलं असतं. म्हणजे त्या झाल्याच नाहीत, किंवा झाल्या आणि लवकर मोडल्या.

मोडल्या असतील तर गुरुत्वलहरींचा मागमूस राहिला असेल. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत. तिथून स्पंदकांची, म्हणजे घड्याळासारखे ठोके देणाऱ्या ताऱ्यांची, वेळ मोजली जाते. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून अतिसंथ गुरुत्वलहरींचे पुरावे जाहीर केले. बहुतेकांच्या मते त्या प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात. पण मोडलेल्या भिंतींची शक्यता अजून कोणी खोडलेली नाही.

तर मामा, सळया चुंबकच आहेत. फक्त आतल्या आत त्यांचं एकमत नाही.

असो. खिळा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.