फाळक्यांच्या गावातली आठ एमएमची रिळं

सिनेमा काढायचं मनात पक्कं झालं तेव्हा धुंडिराज गोविंद फाळक्यांनी एक लहानसं यंत्र आणि काही रिळं मिळवली आणि घरातच खेळ सुरू केले. दिवा म्हणून मेणबत्ती. तिचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडायचा आणि चित्रं बघत बसायचं, रोज चार-पाच तास, झोप मोडून. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासं झालं, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. ३० एप्रिल १८७० रोजी आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसाची गोष्ट लोक त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटापासून सांगायला घेतात. मला ती मेणबत्ती जास्त जवळची वाटते. नाशिकजवळ सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटार वाइंडिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि आता मी जुन्या प्रोजेक्टरमधला तापणारा दिवा काढून तिथे एलईडी बसवतो. घरोघरची आठ एमएमची रिळं कॉम्प्युटरवर उतरवायची तर सुरुवात दिव्यापासूनच करावी लागते.

डोळ्यांसमोरचं टिपणारं चित्रीकरण आपल्याकडे कथापटाच्या आधी आलं, हे विसरलं जातं. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचं स्वागतही त्यांनी टिपलं. त्यात ना गोष्ट, ना नट. डोळ्यांसमोर घडलं ते घेतलं. पुढे साध्या कुटुंबांनी कॅमेरा हाती घेतला तोही एवढ्याचसाठी.

मात्र त्याला वेळ लागला. कोडॅकने १९२३ मध्ये सोळा एमएम आणि १९३२ मध्ये आठ एमएम आणली. आठ एमएमची युक्ती काटकसरीची होती: सोळाचीच पट्टी एका बाजूने चालवायची, मग उलटी घालून दुसऱ्या बाजूने, आणि धुऊन झाली की मधोमध चिरून जोडायची. पंचवीस फुटांची पन्नास फूट होत, आणि त्या पन्नास फुटांत चार हजार चौकटी. सेकंदाला सोळा धरल्या तर चार मिनिटांच्या थोडं वर. १९६५ मध्ये सुपर एट आली, तिच्यात सेकंदाला अठरा. आमच्या मुंबईच्या काकांकडे जुन्या पद्धतीचा कॅमेरा होता. सुट्टीत त्र्यंबकला आले की त्यांच्या मागे आम्हा पोरांची रांग लागे.

या रिळांची एक गोष्ट घरच्यांना सहसा ठाऊक नसते. फोटोची निगेटिव्ह असते, हवी तेव्हा दुसरी प्रत काढता येते. घरगुती रीळ बहुतेक रिव्हर्सल फिल्मचं असे. कॅमेऱ्यात जी पट्टी घातली तीच धुऊन पडद्यावर लावायची. निगेटिव्ह नाहीच. ट्रंकेतलं रीळ गेलं की ते दृश्य गेलं.

आता यंत्राकडे येतो. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग धावत नाही. क्लॉ म्हणतात ती छोटी नखी कडेच्या भोकात शिरते, एक चौकट खाली ओढते, बाहेर येते. चौकट क्षणभर थांबते आणि पुन्हा तेच. ओढ चालू असताना उजेड अडवायला फिरतं शटर असतं. घरगुती प्रोजेक्टरवर त्याला बहुधा तीन पाती असतात, म्हणजे प्रत्येक चौकट भिंतीवर तीनदा चमकते आणि डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. डोळा फसतो, व्हिडिओ कॅमेरा फसत नाही. भिंतीवरचं चित्र मोबाईलने टिपलंत तर पट्टे आणि लुकलुक दिसते ती यामुळे.

म्हणून शटरची पाती काढायची. दिव्याच्या जागी एलईडी, त्यापुढे दुधी काच, म्हणजे उजेड सारखा पसरतो आणि थांबलेली फिल्म करपत नाही. मूळ मोटारीऐवजी गिअरची संथ मोटार. शटरच्या दांड्यावर एक लोहचुंबक आणि शेजारी चुंबक जवळ आला की लागणारा रीड स्विच. नखी बाहेर येऊन चौकट स्थिर झाली की स्विच लागतो आणि समोरचा मॅक्रो लेन्सचा कॅमेरा एक फोटो घेतो. फिल्म ज्या खिडकीतून दिसते तिची चौकट कानशीने हलकेच रुंद केली तर प्रोजेक्टरने आजवर झाकलेली चित्राची कडही मिळते. शेवटी हजारो फोटो कॉम्प्युटरवर ओळीने लावायचे, जुन्या आठ एमएमचे सेकंदाला सोळाच. शहरातून करून आणलेली काही रिळं मी पाहिली आहेत, सेकंदाला पंचवीसने लावलेली. पालखी धावत सुटते, म्हाताऱ्या पायऱ्या उड्या मारत उतरतात. आपल्या माणसांची चालसुद्धा जपायची असते. ती अशी बिघडवणं मला सहन होत नाही.

एक चौकट, मग थांबा, मग दुसरी. हे काम करताना मला फाळक्यांचा ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट आठवतो. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची चौकट-चौकट घेतली, महिनाभराहून जास्त काळ, आणि पडद्यावर ती वाढ मिनिटभरात दाखवली. कच्च्या फिल्मला तेव्हा भोकंही नसत. ती अंधारात बसून पाडण्याचं काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं. जुन्या रिळात फिल्म आकसते, भोकांमधलं अंतर कमी होतं आणि नखी भोकाची कड फाडू लागते. अशी फिल्म हाताने पुढे सरकवताना प्रत्येक भोकाची किंमत कळते, आणि सरस्वतीबाईंचं नाव फाळक्यांच्या बरोबरीने घ्यावंसं वाटतं.

एवढे कष्ट करून उरलं काय? ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला तेव्हा चार रिळांचा होता. आज पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं. त्याआधीच फाळक्यांचं बरंचसं काम नाहीसं झालं होतं. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत पोहोचून शिल्लक रिळं मिळवली, म्हणून ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आपल्याला दिसते. वडिलांनी टिपलेली मुलगी. मी तो चित्रपट घरच्या रिळासारखाच पाहतो.

फाळक्यांची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. आठ एमएम ॲसिटेटची, तिला आगीचं भय तेवढं नाही. तिचा वैरी दमट हवा. त्र्यंबकचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला जास्त सांगायला नको. ब्रह्मगिरी डोंगर दिवसच्या दिवस ढगात असतो, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. फिल्मवर बुरशी धरते. ॲसिटेट विघटू लागलं की व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, पट्टी वळते, ठिसूळ होते, आणि ते आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं.

आणि त्या रिळांत काय आहे! काकांच्या एका रिळात १९६८ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे: स्नानाला कुशावर्त कुंडाकडे चाललेले आखाडे, कडेला नऊवारीतल्या बाया, मागे लाकडी खांबांचे वाडे, ज्यांच्या जागी आता लॉज उभे आहेत. कोपऱ्यात आजी पदराने तोंड झाकते आहे, कॅमेऱ्याला लाजून. फाळक्यांच्या छोट्या चित्रपटांच्या यादीतही सिंहस्थ मेळ्याचं नाव आहे. आमच्या गावातले तीर्थोपाध्ये यजमानांच्या पिढ्यानपिढ्यांच्या नावांच्या वह्या सांभाळतात; कुणी कधी आलं, बरोबर कोण होतं, सगळं सही-शिक्क्यासारखं लिहिलेलं. वही भिजू नये म्हणून जी काळजी घरात घेतली जाते ती रिळाला मिळाली नाही, कारण रीळ करमणुकीचं मानलं गेलं. माझ्या मते रीळही त्याच वहीचं पान आहे.

पुढच्या सिंहस्थाची मोठी स्नानं २०२७ मध्ये आहेत. तेव्हा लाखो मोबाईल चित्रण करतील. १९५६, १९६८, १९८० च्या सिंहस्थांची जी काही घरगुती चित्रणं असतील ती नाशिक-त्र्यंबकच्या माळ्यांवर आणि इथे येऊन गेलेल्या यात्रेकरूंच्या घरी, मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत, पडून असतील. तुमच्या घरी असं रीळ असेल तर आधी डबा उघडून वास घ्या. आंबट वास आला तर ते रीळ इतरांपासून वेगळं ठेवा आणि त्याचं काम पहिलं करा. हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका; ठिसूळ फिल्म एका फेरीत तुटते. घरात कुणी वडीलधारं असेल तर रिळातल्या माणसांची नावं त्यांच्याकडून आताच लिहून घ्या. आणि कॉम्प्युटरवर उतरवून झालं तरी मूळ रीळ टाकू नका, कोरड्या थंड जागी ठेवा.