स्वतःच्या विरुद्ध छापलेला आकडा

इंग्लंड आणि वेल्समध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने १९२२ साली ६१२ माणसे दगावली, १९४७ साली ९,२८७. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या ३० सप्टेंबर १९५० च्या अंकातला रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा लेख या दोन आकड्यांपासून सुरू होतो. निदान सुधारले म्हणून आकडा फुगला, असे म्हणणारे होते. पण सगळी पंधरा पट वाढ काही त्यात बसत नव्हती. संशयितांत मोटारींचा धूर होता, रस्त्यांवरचे डांबर होते आणि तंबाखूही. डॉल यांचा स्वतःचा कल सुरुवातीला डांबराकडे होता.

लंडनच्या वीस रुग्णालयांत चार समाजसेविकांनी खाटेजवळ बसून रुग्णांना प्रश्न विचारले. कर्करोगाच्या ७०९ रुग्णांसमोर त्याच वयोगटाचे, तितकेच स्त्री-पुरुष असलेले, दुसऱ्या आजाराचे ७०९ रुग्ण ठेवले. दोन्हीकडे पुरुष ६४९. त्यांत कधीच धूम्रपान न केलेले कर्करोग्यांमध्ये २, इतरांमध्ये २७. फरक वरवर किरकोळ वाटतो. पण वर्षभर रोज एक सिगारेट ओढली तरी माणूस ‘ओढणारा’ धरला होता, आणि त्या काळच्या लंडनमध्ये सिगारेट-पाइपला न शिवलेला पुरुष मिळणेच मुश्कील. म्हणून खरा भार पडला तो रोज किती ओढता या प्रश्नावर, आणि तिथे प्रमाणाबरोबर धोका चढत गेलेला दिसतो.

माझ्या मते या लेखाचे मोल निष्कर्षापेक्षा त्यातल्या उलटतपासणीत आहे. विचारणाऱ्या बाईंना रोग माहीत असेल, तर उत्तर नकळत फुगणारच की! लेखकांनी ही शंका स्वतःच काढली. मुलाखतीच्या वेळी कर्करोग समजलेले, पण पुढे तो नाही असे ठरलेले रुग्णही त्यांच्याकडे होते. त्यांच्या सवयी तपासल्या, तर त्या कर्करोग नसलेल्यांशी जुळल्या. पूर्वग्रह असता तर हे घडले नसते.

एक आकडा मात्र अडचणीचा. धूर छातीत ओढता का, या प्रश्नाला कर्करोग्यांपैकी ६१.६ टक्के ‘हो’ म्हणाले, इतरांपैकी ६७.२ टक्के. म्हणजे अपेक्षेच्या नेमके उलट. तोही त्यांनी जसाच्या तसा छापला. याच आकड्यावर पुढे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तुटून पडले. सिगारेटची ओढ आणि कर्करोग या दोन्हींचे मूळ आनुवंशिक घडणीत असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. फिशर तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. तेवढ्याने त्यांचा आक्षेप खोटा ठरत नाही, पण ही गोष्ट नोंदवायलाच हवी.

आजारी पडल्यावर विचारलेल्या प्रश्नांची मर्यादा डॉल आणि हिल ओळखून होते. त्यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये सुमारे ६०,००० ब्रिटिश डॉक्टरांना पत्रे धाडली आणि सवयी आधीच लिहून घेतल्या. चाळीस हजारांवर उत्तरे आली. मग वाट पाहिली. जून १९५४ मध्ये पहिला हिशोब छापला: पस्तिशी ओलांडलेल्या पुरुष डॉक्टरांत ७८९ मृत्यू, त्यांपैकी ३६ फुफ्फुसाच्या कर्करोगाने. त्या ३६ जणांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. फिशर यांनी १९५७ मध्ये लेखणी उचलली, तेव्हा हा हिशोब छापून तीन वर्षे झाली होती.