आत्याकडची मंडळी, चॅरिटी मॅच आणि आजोबांचा ऑप्शन

परवा शनिवार-रविवार जोडून नांदेडचा आतेभाऊ सहकुटुंब बरकतपुऱ्यात आमच्याकडे आला होता. जेवणं झाल्यावर मुलांनी टीव्हीवर ‘मैदान’ लावला. अजय देवगण रहीम साहेब म्हणून पडद्यावर आला आणि कोपऱ्यात पेंगत असलेले आमचे बाबा एकदम सरसावून बसले. म्हणाले, “अरे, हे तर आपल्या काचीगुड्याच्या शाळेत मास्तर होते!” मुलांना वाटलं, आजोबा थाप मारतायत. म्हणून हे लिहायला घेतलं.

थाप नाही ती. सय्यद अब्दुल रहीम मुळात शिक्षक. काचीगुडा मिडल स्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिकवलं. 1950 पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला आणि 1950 ते 54 अशी ओळीने पाच वर्षं या संघाने मुंबईची रोव्हर्स ट्रॉफी जिंकली. पोरांनी चेंडू पायात घोळवत बसू नये म्हणून ते ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा घ्यायचे. मास्तरकी मुरलेली होती, दुसरं काय!

आता बाबांची गोष्ट. जानेवारी 1957, संक्रांतीच्या आसपासचे दिवस. बाबा अकरा वर्षांचे. आत्या लग्न होऊन नांदेडला गेलेली. ती आणि तिचे यजमान, म्हणजे बाबांचे भाऊजी, मीटरगेजच्या गाडीने रात्रभर प्रवास करून शनिवारी सकाळी काचीगुड्याला उतरले. स्टेशनपासून घर पायी. (शनिवार-रविवारचं पाहुणपणही तसं नवंच होतं. निजामाच्या राज्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. आजी शेवटपर्यंत रविवारला ‘नवी सुट्टी’च म्हणायची.)

भाऊजी नुसते तिळगूळ द्यायला आले नव्हते. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड भाग म्हैसूरकडे, आणि आम्ही बसल्या जागी आंध्र प्रदेशचे झालो. कचेऱ्यांतल्या माणसांचीही वाटणी चाललेली. आजोबा सरकारी कारकून. त्यांना ऑप्शन लिहून द्यायचा होता, मुंबई राज्य की इथेच. ओळखीतली कितीतरी मराठी बिऱ्हाडं औरंगाबाद-परभणीकडे निघाली होती. भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. “अण्णा, आता इथे तेलुगूत कारभार होणार. पोराचं काय? आपल्या माणसांत चला.” त्यांचंही काही चूक नव्हतं, असं मला आज वाटतं. आजोबा ऐकून घेत होते, हो-नाही काही बोलत नव्हते.

रविवारी दुपारी फतेह मैदानावर फुटबॉलची चॅरिटी मॅच होती, गरीब रुग्णांच्या मदतीसाठी. एकीकडे पोलीस, दुसरीकडे शहरातल्या इतर क्लबांतले निवडक खेळाडू. असे सामने तेव्हा लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. 1942 च्या सुमारास मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर बंगालचं वादळ आणि विजापूरचा दुष्काळ यांच्या मदतीसाठी क्रिकेटचा सामना झाला, तर संघांची नावंच ‘बेंगॉल सायक्लोन’ आणि ‘विजापूर फॅमिन’! आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी त्यात द्विशतक ठोकलं होतं.

फुटबॉलचं तर तेव्हा शहराला वेडच लागलेलं. दीडच महिन्यापूर्वी, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं होतं. नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक. पुढे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाकडून हरून चौथे आलो, पण प्रशिक्षक रहीम साहेब आणि संघात हैदराबादचे कितीतरी गडी. नूर, अझीझ, लतीफ, सलाम, बलराम. गल्लीतल्या पोरांना ही नावं पाढ्यांसारखी पाठ!

आजोबांनी आठ आण्यांची सात तिकिटं काढली. माणसं पाच. भाऊजी म्हणाले, दोन परत करा की. “चॅरिटीचे पैसे परत घेतात होय?” म्हणून आजोबांनी ती कोटाच्या खिशात टाकली. नारायणगुडा, हिमायतनगर करत सगळे चालत गेले, आजीने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली.

मैदानात भाऊजींनी बाबांना चिडवलं, “काय रे, तुझा संघ कोणता आता? आंध्रचा?” बाबा रडकुंडीला आले. तेवढ्यात पोलिसांनी गोल केला, आणि आमचे आजोबा, जे घरात कधी मोठ्याने हसले नाहीत, ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. “वा मियाँ, वा!” शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना मिठीच मारली. आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. भाऊजी मात्र गप्प झाले. रात्री गाडीत बसताना आजोबांना नमस्कार केला, ऑप्शनचा विषय काढला नाही.

सोमवारी आजोबांनी कागद लिहून दिला. इथेच. घरात कुणाला विचारलं नाही. आजी त्यावर आठ दिवस बोलली नाही, कारण तिचं माहेर परभणीचं आणि लेकही आता परराज्यात. तो राग तिने पुढेही पुरता सोडला नाही. बाबा विवेक वर्धिनीत शिकले. 1907 पासूनची ती शाळा आपल्या लोकांनी उभी केलेली, तिचाच आजोबांना भरवसा असावा. पण आत्याच्या दोन्ही बाळंतपणांना आजीला वेळेवर पोचता आलं नाही, हेही खरं.

गंमत बघा, 1956-57 आणि 57-58, दोन्ही वर्षं संतोष ट्रॉफी हैदराबादने जिंकली. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई! हैदराबाद राज्य नकाशावर उरलं नव्हतं, संघाच्या नावात तेवढं होतं. नांदेडहून आत्याचं पत्र आलं, “इकडे हे दोन दिवस जेवले नाहीत धड.” ते पत्र बाबांनी जपून ठेवलंय.

परवा सिनेमा संपल्यावर आतेभावाच्या नातवाने विचारलं, “मग ती मॅच जिंकलं कोण?” बाबा म्हणाले, पोलीस, दोन-एक. आतेभाऊ म्हणाला, “छे हो मामा, आमचे नाना तर बरोबरीत सुटली म्हणायचे.” रविवारी दुपारी त्यांची गाडी सुटेपर्यंत वाद चालू होता.